सासूबाई म्हणतात बाबांसाठी मिस्सा ठेवू, पण माझे बाबा तर माळकरी होते

रानजाई | २० ऑक्टोबर २०२५, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण तीन दिवस डोक्यात एकच विषय फिरतोय म्हणून धागा काढतेय, लांबेल त्याबद्दल आधीच सॉरी.

माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर वसईचं, नवरा कॅथलिक. लग्न चर्चमध्ये झालं पण मी धर्म बदललेला नाही, त्यासाठी बिशपांकडून परवानगी काढावी लागते ती काढली होती, आणि ११ वर्षांत घरात कुणी त्यावरून एक शब्द बोललेलं नाही. बाबा जूनमध्ये गेले. ४० वर्षं गळ्यात माळ, वारी कधी चुकवली नाही, आणि यंदा पालखी निघायच्या आठ दिवस आधी गेले. दहावं तेरावं सगळं रीतसर झालं, पितृपक्षात दादाने भरणी श्राद्धही केलं. मला वाटलं आता फक्त आठवणी राहिल्या.

२ नोव्हेंबर हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, गेलेल्यांची नावं देऊन त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ठेवतात. तर परवा सासूबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या, "२ तारखेला आपल्या सगळ्या गेलेल्यांची नावं द्यायचीयत, तुझ्या बाबांचं पण लिहिते हं, आडनाव नीट सांग." इतक्या सहज म्हणाल्या की मी पण सहज सांगून टाकलं (आमचं आडनाव रेशनकार्डापासून मतदार यादीपर्यंत कुणालाच धड लिहिता आलेलं नाही, म्हणून स्पेलिंगसकट सांगितलं). रात्री मात्र झोप नाही. दादाला फोन केला तर तो भडकलाच, म्हणे "जिवंतपणी जमलं नाही म्हणून मेल्यावर बाटवताय का त्यांना?" तेव्हापासून बोलणं बंद.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "अगं प्रार्थनाच आहे ना, होऊ दे की". त्याचं सगळ्याच बाबतीत असं असतं. मला नीट कळून घ्यायचंय. मेलेल्या माणसासाठी मिस्सा म्हणजे नेमकं काय करतात, कशासाठी करतात, आणि दादा म्हणतो तसं काही त्यात आहे का? आणि यंदा २ नोव्हेंबरलाच कार्तिकी एकादशी आहे, म्हणजे बाबा असते तर त्या दिवशी पंढरपुरात असते, म्हणून जास्तच कसंतरी होतंय.

बावखल | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मी पण वसईचाच, आगाशी साईडचा. तुमच्या सासूबाई डोळ्यासमोर आल्या :) आमच्याकडे ऑक्टोबर संपत आला की हेच चालू असतं, कबर घासा, रंग लावा, तण काढा, फुलं कुणाच्या वाडीतून आणायची, आणि नावांची यादी. आमच्या आईची यादी वहीच्या दोन पानांची आहे, त्यात एक नाव "दुधवाले भैया" असं आहे, त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ते उत्तर प्रदेशचे, हिंदूच. तेव्हा आमच्या वहीत तुमच्या बाबांना सोबत आहे म्हणा.

बाकी शास्त्राचं मला विचारू नका, टीचरबाई आल्या की सांगतील. बाटवण्याचं काही नसतं एवढं मात्र नक्की.

खडूस_मास्तर | २१ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

सगळीकडे धंदा सारखाच. आपल्याकडे पिंड आणि दक्षिणा, तिकडे मिस्सा आणि पाकीट. मेलेला माणूस मेलेला असतो. ज्याला कुणी परत येऊन पावती दाखवू शकत नाही अशा सेवेचे पैसे घेणं हा जगातला सर्वात सेफ बिझनेस.

टीचरबाई | २१ ऑक्टोबर, दुपारी १:३०

रानजाई, आधी वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं. मी ३० वर्षं पोरांना धर्मशिक्षण शिकवलंय त्यामुळे थोडं शाळेसारखं वाटेल, चालवून घ्या.

कॅथलिक श्रद्धा अशी की माणूस मेला की त्याचा निवाडा त्याच क्षणी होतो. देवाला कायमचं नाकारून गेला तर नरक, पूर्ण शुद्ध होऊन गेला तर स्वर्ग. पण बहुतेक माणसं आपल्यासारखीच असतात, देवाशी नातं आहे, प्रेम आहे, पण स्वभावातला चिकटपणा, जुने राग, केलेल्या नुकसानीची न झालेली भरपाई, हे सगळं अंगावर घेऊनच जातात. त्यांची देवाला भेटण्याआधी जी शुद्धी होते तिला आम्ही शुद्धिस्थान म्हणतो, जुनी माणसं परगेटरी. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात (कॅटेकिझम) १०३० ते १०३२ हे तीन परिच्छेद आहेत फक्त त्यावर, एवढ्या मोठ्या ग्रंथात तीनच.

लोकांचा घोळ होतो तो इथे. शुद्धिस्थान म्हणजे पास-नापासच्या मधली एटीकेटी नाही. तिथे जो आहे तो स्वर्गात जाणारच आहे, ते ठरलेलं आहे. मी पोरांना सांगायचे, शेतावरून आलेला आजोबा घरात शिरण्याआधी ओट्यावर पाय धुतो, तेव्हा तो घरचा नाही असं कुणी म्हणतं का? आतून कुणीतरी तांब्या भरून आणून देतं. तो तांब्या म्हणजे आपली प्रार्थना.

आणि आग, साखळदंड, ओरडणारे आत्मे ही चित्रं आम्ही पण लहानपणी बघितलीत, रात्री उठून पाणी प्यायलाही घाबरायचो. पण चर्चने अधिकृतपणे मांडलेल्या शिकवणीत दोनच गोष्टी आहेत, शुद्धी आहे, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्साचा, त्यांना उपयोग होतो. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने हेच सांगितलं आणि वर बिशपांना तंबी दिली की साध्या लोकांपुढे अवघड आणि कुतूहल चाळवणारे प्रश्न काढत बसू नका. पोप बेनेडिक्ट सोळावे २००७ च्या परिपत्रकात म्हणतात की ती आग म्हणजे ख्रिस्ताची भेटच असावी असं काही आधुनिक धर्मपंडितांना वाटतं, त्याच्या नजरेत आपलं सगळं खोटं जळून जातं. आणि तिथला काळ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही.

बाटवण्याबद्दल संध्याकाळी लिहिते, नातू उठला.

दर्भ | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

छान समजावलंत टीचरबाई. आमच्या घरात याज्ञिकी आहे म्हणून तुलना करायचा मोह होतो. आपल्याकडे श्राद्धात मुख्य कल्पना तृप्तीची, पितरांना अन्न-पाणी पोचवणं, आणि ते कुणी करायचं त्याचा अधिकारक्रम ठरलेला. तुमच्याकडे भूक-तहान नाही, शुद्धी आहे, आणि करणारा कुणीही चालतो असं दिसतंय.

पण रानजाई, तुमच्या दादांना एक सांगा. तर्पणात शेवटी एक पाणी असतं, जे आपले नातलग होते, जे नव्हते, जे कुठल्या दुसऱ्या जन्मीचे नातलग असतील, त्या सगळ्यांसाठी. म्हणजे आपण दर वर्षी न विचारता कितीतरी परक्या माणसांना पाणी देतो, त्यात एखादा पोर्तुगीज पाद्री पण असेल. त्याला कुणी बाटवल्याचं ऐकलं नाही.

बावखल | २१ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

>>त्यात एखादा पोर्तुगीज पाद्री पण असेल

वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते म्हणजे बऱ्यापैकी स्टॉक असणार =)) चिमाजी अप्पांच्या लोकांनी तर्पण करताना बघून घेतलं असेल.

अहमदनगरी | २१ ऑक्टोबर, संध्या. ६:४०

मी ख्रिस्तीच पण प्रोटेस्टंट, आमच्या पणजोबांपासून मिशन कंपाउंडमधले. आमच्याकडे हे नाही एवढं नोंदवतो, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल सगळे ख्रिस्ती असंच मानतात. टीचरबाईंचा आधार बहुतेक दुसरं मक्काबी असेल, ते पुस्तक आमच्या बायबलमध्ये नाही. तारण कृपेने, विश्वासाने, आणि ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळं पूर्ण केलं, मग वर आमच्या तांब्याची गरज काय?

भांडायला लिहीत नाहीये. माझी आई गेली तेव्हा दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी तिच्यासाठी एकदाही काही मागितलं नाही, जे मागितलं ते आमच्यासाठी, सांत्वन, धीर, पुनरुत्थानाची आशा. काही नातेवाइकांना ते कोरडं वाटलं. मला उलट फार मोकळं वाटलं. तिच्यासाठी करायचं काही उरलंच नव्हतं. दोन वर्षं दवाखाना केल्यावर ते ऐकणं केवढी मोठी गोष्ट असते ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

टीचरबाई | २१ ऑक्टोबर, रात्री ९:०५

अहमदनगरी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. यावर वाद घालणार नाही.

मक्काबीचं बरोबर ओळखलंत. लढाईत मेलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, म्हणजे धर्मशास्त्राने बंदी असलेली गोष्ट, आणि त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी त्यांना शिव्या घालण्याऐवजी वर्गणी काढून २००० चांदीचे द्राख्मे पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. मला तो प्रसंग आवडतो तो एवढ्यासाठी की ते लोक काही संत नव्हते, चोरून ताईत घालणारे होते.

आता रानजाईचा मुख्य प्रश्न. चर्चच्या कायद्यात कलम ९०१ आहे, एका ओळीचं. धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. बाप्तिस्मा झालेलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. आणि मिस्सामुळे मृताचा धर्म बदलत नाही, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला नाव चढत नाही. बाप्तिस्मा जिवंत माणसाचाच होतो. फादर फक्त म्हणतात की ही मिस्सा अमक्यासाठी आहे, म्हणजे त्या माणसाला देवाच्या हाती देतात. तुमचे बाबा माळकरी होते ते माळकरीच राहतात.

आणखी एक. आम्ही दर मिस्सात सगळ्याच मृतांची आठवण करतो, चौथ्या नंबरची जी प्रार्थना आहे तिच्यात तर स्पष्ट म्हटलंय की ज्यांचा विश्वास फक्त तुलाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांची आठवण कर. मी ते शब्द ऐकले की माझ्या शाळेतले शिपाईकाका आठवतात, ते गणपतीपुढे रोज अगरबत्ती लावायचे.

रानजाई | २१ ऑक्टोबर, रात्री ११:५०

टीचरबाई काय लिहू. "ज्यांचा विश्वास फक्त तुलाच ठाऊक" वाचून रडले मी. दादाला स्क्रीनशॉट पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग तासाभराने त्याने एक फॉरवर्ड पाठवला की अमेरिकेत मेलेल्यांना बाप्तिस्मा देतात, नावांच्या याद्या गोळा करतात म्हणून. हे खरं आहे का??

इतिहासवेडा | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

ते खरंय पण ते मॉर्मन पंथाचं आहे, कॅथलिकांचं नाही. मॉर्मन लोक मृतांच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देतात. उलट २००८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पत्र पाठवून सांगितलं की आपल्या पॅरिशच्या नोंदवह्या त्यांच्या वंशावळीच्या कामासाठी देऊ नका. म्हणजे तुमच्या दादांना ज्याचा राग आलाय त्याचा रागच कॅथलिकांनाही आला होता, हे त्यांना जरूर कळवा.

विषय निघालाच आहे तर थोडा जुना इतिहास. मृतांसाठी प्रार्थना हे मध्ययुगात कुणीतरी घुसडलेलं प्रकरण असं बरेच जण समजतात, ते तसं नाही. इ.स. २०३ मध्ये कार्थेजला पर्पेतुआ नावाची तरुण बाई ख्रिस्ती म्हणून तुरुंगात होती, मांडीवर तान्हं मूल. तिने तुरुंगात लिहिलेली हकिकत आजही उपलब्ध आहे. तिचा धाकटा भाऊ सातव्या वर्षी चेहऱ्याच्या रोगाने वारलेला. तो तिला स्वप्नात दिसतो, तहानलेला, समोर पाण्याचं कुंड आहे पण काठ त्याच्या उंचीपेक्षा वर. ती रोज रडून त्याच्यासाठी प्रार्थना करते. मग परत दिसतो, काठ खाली आलेला, पोरगं पाणी पितं आणि खेळायला पळतं. (दर्भ, तहान आहे बघा इथे!)

नंतर संत ऑगस्टीनची आई मोनिका, ३८७ मध्ये रोमजवळ ओस्तियाला वारली. मुलं चिंतेत की परक्या देशात पुरायचं कसं. ती म्हणाली, देह कुठेही ठेवा, एवढंच करा, जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा.

पण "पुर्गातोरियुम" हे स्थळवाचक नाम मात्र खूप उशिरा रूढ झालं, बाराव्या शतकाच्या शेवटाकडे. म्हणजे आधी हजार वर्षं प्रार्थना चालू होती आणि जागेला नाव नव्हतं. ऑर्थोडॉक्स चर्च आजही तिथेच थांबलंय, मृतांसाठी भरपूर प्रार्थना करतात पण शुद्धिस्थानाचा सिद्धांत मानत नाहीत. २ नोव्हेंबर ही तारीख फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने हजार सालाच्या आसपास आपल्या मठांत सुरू केली, आदल्या दिवशी सर्व संतांचा सण असतो म्हणून लगेच दुसरा दिवस बाकी सगळ्यांचा.

खडूस_मास्तर | २२ ऑक्टोबर, सकाळी ११:००

इतिहास रंजक आहे पण मूळ मुद्दा सगळ्यांनी शिताफीने टाळला. पैसे. मार्टिन लूथर काय उगाच चिडला होता का?

टीचरबाई | २२ ऑक्टोबर, दुपारी २:१५

नाही टाळला मास्तर, स्वयंपाक करत होते.

लूथर चिडला ते बरोबरच होतं. १५१७ मध्ये टेट्झेल नावाचा प्रचारक जर्मनीत दंडमाफीपत्रं (क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ करणारी पत्रं) विकत फिरत होता, पेटीत नाणं वाजलं की आत्मा सुटला असा एकंदर सूर. रोमच्या सेंट पीटर्सचं बांधकाम चालू होतं त्याला पैसा हवा होता. हे घडलं, आमच्याच चर्चने केलं, नाकारण्यासारखं काही नाही. ट्रेंटच्या सभेने असे वसुली करणारे प्रचारक १५६२ मध्ये बंद केले आणि पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये पैशांशी जोडलेल्या सगळ्या माफ्या रद्द केल्या. माफी अजून आहे, पण ती विकत मिळत नाही. १ ते ८ नोव्हेंबर दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची, कन्फेशन (पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ मनात ठेवायची नाही. शेवटची अट वाचा म्हणजे कळेल किती स्वस्त आहे ते. ही माफी फक्त मृतांसाठी लागू होते, स्वतःसाठी ठेवता येत नाही. पूर्वी प्रार्थनापुस्तकात प्रत्येक प्रार्थनेखाली ३०० दिवस, ७ वर्षं असे माफीचे आकडे छापलेले असत, आमची आजी बेरीज करायची. ते आकडे १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी काढून टाकले, आजी नाराज झाली होती.

आता मिस्साचं स्टायपेंड, म्हणजे मिस्सा ठेवताना द्यायचे पैसे. प्रांतातले बिशप मिळून रक्कम ठरवतात, जास्त मागता येत नाही. एका दिवशी एका धर्मगुरूने कितीही मिस्सा केल्या तरी स्वतःसाठी एकाच मिस्साचे पैसे ठेवायचे (नाताळचा दिवस सोडून), बाकी बिशप सांगतील त्या कामाला. कायद्यात असंही लिहिलंय की गरिबांसाठी काही न घेताही मिस्सा करावी, आणि यात व्यापाराचा वासही येता कामा नये. कायदा असा आहे. सगळीकडे तसाच पाळला जातो असं मी छातीठोक म्हणणार नाही, मी पण ऑफिसच्या खिडकीवरचे काही चेहरे बघितलेत.

खडूस_मास्तर | २२ ऑक्टोबर, दुपारी २:४०

प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. पटलं नाही, पण धन्यवाद.

माडाची_सावली | २२ ऑक्टोबर, रात्री ८:००

गोव्यातून हाय. मुद्दाम आठ वाजता लिहितेय :) आमच्या गावात रात्री आठला चर्चची घंटा व्हायची ती आल्मांची, म्हणजे मृतात्म्यांची. घंटा झाली की आजी हातातलं काम टाकून क्रुसाची खूण करायची, टीव्ही असला तरी आवाज बंद. आम्ही पोरं तेवढ्यात तिच्या ताटातला माशाचा तुकडा उचलायचो, देव क्षमा करो.

अजून एक, आमच्याकडे लग्नाच्या आधी भिकाऱ्यांना जेवण घालायची पद्धत, घरातल्या गेलेल्या लोकांच्या नावाने. आता प्रत्यक्ष भिकारी मिळत नाहीत तर गरीब ओळखीच्यांना बोलावतात किंवा आश्रमात जेवण पाठवतात. माझ्या लग्नात पण झालं. हे चर्चच्या पुस्तकातलं नाही, आमच्या मातीतलं आहे, आणि दर्भ यांना ओळखीचं वाटेल.

आणि २ नोव्हेंबरला प्रत्येक पाद्री तीन मिस्सा करू शकतो ते माहितीये ना? ती सवलत आधी स्पेन-पोर्तुगालच्या राज्यांना होती, १७४८ पासून. बाकीच्या जगाला मिळाली १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात माणसं इतकी मरत होती म्हणून. यात तरी आम्ही पुढे!

बावखल | २२ ऑक्टोबर, रात्री ८:३०

माझ्या कल्याणच्या मल्याळी कलीगकडे (सिरो-मलबार, म्हणजे केरळचे वेगळ्या रीतीचे कॅथलिक) २ नोव्हेंबर हा मूळचा दिवसच नाही, त्यांचा मृतांचा दिवस उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या एका शुक्रवारी असतो, आणि माणूस गेल्यावर ४१व्या दिवशी मोठा कार्यक्रम. मी विचारलं ४१ का, तो म्हणाला तुमचं ३०व्या दिवसाचं का? दोघं गप्प.

इतिहासवेडा | २२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

३० वरून एक गोष्ट आठवली. पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीला लिहून ठेवलेली गोष्ट. त्यांच्या मठातला युस्तुस नावाचा साधू, वैद्यकी जाणणारा, त्याने तीन सोन्याची नाणी लपवून ठेवली होती. मठात खाजगी पैसा बंदी. मरताना उघड झालं. ग्रेगरीने कडक शिक्षा दिली, नाण्यांसकट उकिरड्यावर पुरा. पण मग त्यांनाच राहवेना, म्हणून ३० दिवस रोज, खंड न पाडता, त्याच्यासाठी मिस्सा करवल्या. तिसाव्या दिवशी युस्तुस त्याच्या भावाला दिसला आणि म्हणाला आतापर्यंत हाल होते, आता बरा आहे. भावाला या मिस्सांचं काहीच माहीत नव्हतं म्हणे. तेव्हापासून सलग तीस दिवसांच्या मिस्सांना ग्रेगोरियन मिस्सा म्हणतात, आजही लोक ठेवतात.

अनामिक_सध्या | २३ ऑक्टोबर, रात्री २:१४

दुसऱ्या आयडीने लिहितेय. ज्यांनी स्वतः जीव दिला त्यांच्यासाठी ठेवता येते का? माझा मामा. मी तेव्हा पाच वर्षांची, सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्याला चर्चमध्ये नेलं नाही. कुंपणाच्या कडेला पुरला, घंटा झाली नाही. आजीने त्यानंतर त्याचं नाव कधी घेतलं नाही पण २ नोव्हेंबरला मेणबत्त्या एक जास्त घ्यायची, आणि परत येताना ती पिशवीत नसायची. आजी आता नाही. मला कुणाला विचारायची लाज वाटते.

टीचरबाई | २३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

येते. नक्की येते. आत्ताच ऑफिस उघडलं की जाऊन नाव द्या, कारण सांगायची गरज नाही, कुणी विचारणार नाही.

तेव्हाचा कायदा १९१७ चा होता, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारायचा. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी काढली. धर्मशिक्षण ग्रंथात २२८२ आणि २२८३ बघा, तीव्र मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, देव फक्त त्यालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

तुमच्या आजीला हे छापून यायच्या कितीतरी आधी कळलं होतं. मला व्यनि करा, एकटीने जायचं नसेल तर मी सोबत येईन, वसई-विरार पट्ट्यात कुठेही.

अहमदनगरी | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

अनामिक ताई, सिद्धांताने मी मृतांसाठी प्रार्थना करत नाही हे वर लिहिलंच आहे. तुमच्यासाठी आज केली.

दर्भ | २३ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

आपल्याकडेही शस्त्राने, अपघाताने, अकाली गेलेल्यांची वेगळी तिथी आहे, घायाळ चतुर्दशी. म्हणजे त्यांना आत घ्यायला दार ठेवलेलं होतं, जरा बाजूचं का होईना.

रानजाई | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

मी या धाग्यात स्वतःचा प्रश्न घेऊन आले होते, अनामिक ताईंचं वाचून माझा फार छोटा वाटतोय. टीचरबाई, एक बाळबोध शंका. नावं वाचताना चुकली तर? आमच्या आडनावाचं सांगितलंच आहे.

टीचरबाई | २३ ऑक्टोबर, दुपारी १२:३५

चुकतातच. ऑफिसातला मुलगा मराठी यादी इंग्रजीत टाईप करतो, फादर ती परत मराठीत वाचतात. मिस्सा ज्याच्यासाठी आहे त्याला ती बरोबर पोचते, पोस्टासारखं नाही ते. दुधवाले भैयांचं कसं चाललंय मग?

रानजाई | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:३०

अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं तरी देते.

काल रविवार होता तरी रविवारची नेहमीची मिस्सा नव्हतीच, मृतांचीच होती. मी एकादशीचा उपवास धरलेला, सासूबाईंनी सकाळी आधी मला साबुदाण्याची खिचडी करून दिली, मग स्वतःची साडी नेसायला गेल्या. कम्युनियनच्या वेळी सगळे उठले, मी ११ वर्षं बसते तशी बाकावर बसून होते. यादी खूप लांब. मला वाटलं होतं बाबांचं नाव आलं की काहीतरी होईल पोटात, पण फादर इतक्या भरभर वाचत होते की आमचं आडनाव कुठल्याशा भलत्याच आडनावासारखं ऐकू आलं आणि मी नवऱ्याकडे बघितलं, तो खाली बघून हसू दाबत होता.

संध्याकाळी सिमेट्रीत गेलो. सगळीकडे मेणबत्त्या, शेवंतीचा वास, पोरं वितळलेल्या मेणाचे गोळे करत होती, फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीने फिरत होते. सासूबाईंनी सासऱ्यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, मग एक माझ्या हातात दिली. मी विचारलं कुठे लावू, बाबांची इथे कबर कुठाय. त्या म्हणाल्या, "यांच्याच शेजारी लाव की, दोघांना गप्पा मारायला बरं." बाबा नि सासरे फक्त दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा पावसावरच बोलले होते.

रात्री दादाचा मेसेज. त्या फॉरवर्डनंतर पहिला.

"वाचलं का नाव"

मी लिहिलं, हो, आडनाव चुकवलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"तिथंपण चुकलंच का"